मधुमेहहारी अमृतकोकम

मंडळी, आज मी पुरता अडकलोय.

शेजारच्या शुभावहिनी अमृतकोकम करून विकतात. बाटलीवर ‘शास्त्रोक्त, मधुमेहहारी’ असं मीच लिहून दिलं होतं. संस्कृत शिकल्याची हौस, दुसरं काय! आत मात्र निम्मी साखरच.

ते रोज पिऊन मांडवीचे एक मधुमेही आजोबा इस्पितळात पोचले. आज वहिनींना ग्राहक मंचाची नोटीस आली.

“भावोजी, जुन्या ग्रंथात असं लिहिलंय म्हणून तुम्ही साक्ष द्या.”

“असा ग्रंथच नाही, वहिनी.”

“मग लिहिलंत कशाला? मी तुमच्या भरवशावर छापलं.”

खरं सांगितलं तर वहिनींचा धंदा बसतो. खोटं सांगितलं तर आजोबा खोटे ठरतात.

तुम्ही काय केलं असतंत? कृपया सुभाषितं पाठवू नका, ती मलाही पाठ आहेत.