हत्ती निघाला औशाला

हत्ती कसा चालतो या विषयावर पोटतिडकीनं बोलणारी साऱ्या लातूर जिल्ह्यात एकच बाई आहे, आणि ती माझी थोरली वहिनी आहे. हे मी छाती पुढं काढून सांगतो. डॉक्टर घडवणारे आमच्या गावात ढिगानं सापडतील. मीही त्यांच्यातलाच, क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. पण चार वर्षांचं लेकरू खदखदून हसेल अशी कविता रचून ती मोठ्यानं म्हणून दाखवणारं माणूस? दाखवाच एखादं!

वहिनी बालवाडीच्या बाई. रोज एक तरी बडबडगीत लिहायच्या, आणि त्याची परीक्षा लई कडक. दुसऱ्या ओळीला लेकरं आपणहून उठून उभी राहिली तर कविता पास. एक जरी नाक कोरत बसलं, की कागद टराटरा फाडायचा. सकाळपर्यंत दम निघाला नाही तर घरादारावर प्रयोग. एकदा दूधवाल्याला दारात अडवून मांजराची कविता तीनदा म्हणायला लावली. बिचाऱ्यानं म्यांवसुद्धा केलं. पुढं गावात क्लासचं वारं सुटलं, तेव्हा एक बाप वही घेऊनच आला. "बाई, हत्ती औशाला का गेला, ह्याला चार पर्याय द्या. पोराची आत्तापासून तयारी होईल." वहिनी म्हणाल्या, "मला कुठं माहिताय? हत्तीलाच विचारा की!" मी क्लासवाला असूनही मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

लातूरशेजारच्या औशाला निघालेला हा हत्ती त्यांचा सगळ्यांत लाडका.

हत्ती निघाला औशाला, धम् धम् धम्!
कंडक्टर म्हणतो, "हत्तीभाऊ, जरा खा की दम!"

प्रत्येक 'धम्'ला सगळ्यांनी पाय आपटायचा, हा नियम. भूकंपाच्या साली वहिनी हीच कविता घेऊन एका पडलेल्या गावात गेल्या. मीही सोबत होतो. पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा-वीस लेकरं गप बसलेली. वहिनींनी सवयीनं पहिला 'धम्' ठोकला आणि खालची फळी हादरली. पुढं बसलेली एक पोरगी किंचाळत बाहेर पळाली, तिच्यामागं सगळी. आपण काय केलं हे वहिनींना तेव्हा कळलं. परतताना एसटीत त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, ती पोरगी परत माझ्यापुढं बसली नाही, तर मी बालवाडीत पाय ठेवणार नाही." ही बाई बोलते ते करते. मला धास्तीच बसली.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. त्यानंतर रोज, आणि मीही त्यांच्यामागं. फुलपाखराच्या, मुंगीच्या, चिमणीच्या कविता अगदी हळू आवाजात म्हणायच्या. ती पोरगी आधी दाराबाहेर उभी राहायची, मग उंबऱ्याशी, मग आत आली. तेव्हा वहिनींनी भीत भीत हत्ती काढला. पण 'धम्' गाळून. "हत्ती निघाला औशाला, हळू हळू हळू," असं म्हणत स्वतः चवड्यांवर चालून दाखवू लागल्या. पोरगी कपाळाला आठ्या घालून बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, हत्ती असा चालत नसतो."

"मग कसा गं चालतो?"

ती उठली. एकदा खाली बघितलं, आणि दणकन पाय आपटला. "तवा जमिनीनं आपल्याला हलवलं. आता आपुन तिला हलवू!"

सगळी शेड उठली. पत्रे असे दणाणले की बाया पदर सावरत धावत आल्या. वहिनींना पुढची ओळ म्हणवेना, त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. एवढा अभिमान मला माझ्या एकाही डॉक्टर झालेल्या विद्यार्थ्याचा वाटलेला नाही, खोटं कशाला बोलू!

आता बालवाडीच्या जागी क्लास आहे. वहिनींचे गुडघे गेलेत, पाय उचलत नाही. पण संध्याकाळी अंगणात गल्लीतली दोन-चार लेकरं जमली, की त्या खुर्चीत बसूनच हत्ती म्हणतात, आणि 'धम्' आला की माझ्याकडं बघतात. मी चप्पल काढतो आणि पाय आपटतो.