साहेब उभे राहिले

आमचे हे झोपेतही उलटतपासणी करायचे. "मग दिवा कोणी विझवला?" असं दरडावून विचारायचे, आणि मी कूस बदलत म्हणायचे, "मीच! द्या फाशी!" ऐन उमेदीची वर्षं सरकारी वकिलीत गेली त्यांची. साक्षीदार थापा मारायला लागला की हे नुसते उभे राहायचे, समोरच्याची बोबडी वळायची.

मग न्यायाधीश झाले. म्हटलं, चला, आता तरी बसून काम करतील. कसलं काय! सुंभ जळला तरी पीळ जातो होय?

एके दुपारी एका ड्रायव्हरवर मालकाच्या खुनाचा खटला चालू होता. त्याची बहीण सांगत होती, "त्या संध्याकाळी भाऊ माझ्याकडेच होता." नवखा सरकारी वकील चाचरत होता. पंखा संथ फिरत होता, खिडकीतून पिवळं ऊन टेबलावर सांडलेलं, आणि ह्यांना म्हणे वाटलं, आपण अजून खाली वकिलाच्याच जागी आहोत, केस अजून काळे आहेत.

"खोटं बोलताय तुम्ही!" कुणीतरी गरजलं. पाहतात तो सगळं कोर्ट उभं. न्यायाधीश उठले की सगळ्यांनी उठायचं असतं ना! म्हणजे उठले होते हेच, ओरडलेही हेच. बहिणीने पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला होता.

घरी आले ते तसेच खुर्चीत बसले. चहा गार झाला. "निकाल मी मनात आधीच लावला होता गं," म्हणाले. "हा खटला मी सोडतोय."

मी भडकले. "बढती तोंडावर आलीय आणि स्वतःच्या हाताने बोभाटा करताय?"

"त्या पोराच्या जिवाचा प्रश्न आहे."

खटला दुसऱ्या न्यायाधीशांकडे गेला, ह्यांची बढती हुकली. ड्रायव्हर सुटला, पुढे खरा खुनीही सापडला. तेव्हा हे एवढंच म्हणाले, "माझ्या हातून लटकला असता तो." मला माझीच लाज वाटली.

निवृत्तीनंतर एकदा दवाखान्यात गेलो, तर बाकावर त्या ड्रायव्हरची बहीण. ह्यांना बघून धडपडत उठली.

"नका उठू, बाई. बसा," हे हात जोडून म्हणाले. "त्या दिवशी उठलो ते मीच चुकलो."

ती खाली बसली, बाजूला सरकली आणि ह्यांच्यासाठी जागा केली.