काचेतला हद्दीचा दगड

दगड निघत नव्हता. दोन माणसं पहारीने झुंजत होती आणि आमचे पाटकर साहेब फोनवर विचारत होते, "बाण कोरलाय ना? इंग्रज फौजेची खूण ती, मग लष्करीच. काढा!"

मी सर्व्हेअर. जमिनी मोजतो. अंबरनाथजवळच्या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी धावपट्टीशेजारी एका बिल्डरची टाउनशिप होणार होती. तिच्या सेल्स ऑफिसात त्याला 'युद्धकालीन वारसा दालन' हवं होतं. वस्तू शोधायचं काम आमच्या फर्मला मिळालं. पट्टीवर जायची परवानगी नव्हती, म्हणून आम्ही कडेकडेने वारसा शोधत होतो.

मेटल डिटेक्टर लोखंड ओळखतो, त्याचं वय ओळखत नाही. पंधरा दिवसांत हातपंपाचे रॉड, पत्र्याचे डबे आणि एक सायलेन्सर मिळाला. युद्धातलं सगळं भंगारवाल्यांनी आमच्या कितीतरी आधी शोधून, वितळवून टाकलं होतं.

"सायलेन्सर विमानाचा असेल," साहेब म्हणाले.

"मोटारसायकलचा आहे, साहेब."

"लष्करी मोटारसायकल लिहा."

अशात हा दगड दिसला. शेजारच्या शेतातून हौसाबाई धावत आल्या. "भाऊ, तो नका काढू! माझ्या सासऱ्यानं दाखवलेला हाय. त्याच्या अलीकडं आमचं, पलीकडं मिलिट्रीचं." दगडापासून चार पावलांवर त्यांची विहीर होती. अलीकडे.

हद्दीचा दगड जागेवर असेल तोवरच पुरावा असतो. हलवला की नुसता दगड. हे मला पहिल्या नोकरीत, पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी जीपीएसवर जागेचं रीडिंग घेतलं, फील्ड बुकात लिहिलं आणि माणसांना म्हणालो, "काढा."

दगड धुतला, पॉलिश केला, एसीत काचेमागे ठेवला. पाटी लागली : 'धावपट्टीवरून प्राप्त. कृपया स्पर्श करू नये.' फ्लॅट बघायला आलेली जोडपी त्याच्याशेजारी सेल्फी काढत.

सहा महिन्यांनी सरकारी मोजणी लागली. खूण सापडेना. मोजणीवाल्यांनी जुन्या नकाशावरून अंदाजे रेघ मारली आणि विहीर लष्कराकडे गेली. हौसाबाई माझ्या विठ्ठलवाडीच्या घरी आल्या.

"भाऊ, दगड कुठाय?"

"कुठला दगड?" मी म्हणालो.

बायकोने पुढे केलेलं पाणी न पिताच त्या गेल्या. त्यांच्या विहिरीचा प्रश्न होता आणि आम्ही त्यांना पाणी विचारत होतो.

गप्प राहायला मला दोन महिने जमलं. मग फील्ड बुक घेऊन साहेबांकडे गेलो.

"दगड परत द्यायला हवा."

"अहो, तो हेरिटेज आहे आता! जागेवरून हलवता येणार नाही."

"आपणच हलवलाय, साहेब."

त्यांनी बिल्डरला विचारलं. उत्तर आलं : फायबरची हुबेहूब प्रतिकृती देऊ, हौसाबाईंनी शेतात जाहिरातीचा बोर्ड लावू दिला तर.

शेवटी दगड मीच उपटवला असा जबाब, रीडिंगसकट, मोजणी कार्यालयात लिहून दिला. साहेबांनी मला त्याच दिवशी नोकरीतून मोकळं केलं. फेरमोजणीत रीडिंगच्या जागी खणलं. दोन हात खोलीवर कोळसा लागला. पूर्वी हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरत. तो कुजत नाही आणि त्याची चोरी करावी असं कुणाला वाटत नाही. रेघ सरकली. विहीर अलीकडे आली.

मी हात झटकून निघालो, तर हौसाबाईंनी अडवलं.

"कुठं निंगालास? दगूड येईस्तोवर तूच उभा रहा तितं."

'भाऊ' गेलं होतं. मीही जागचा हललो नाही. तासाभराने मोजणीवाल्यांनी सिमेंटचा खांब रोवला, तेव्हा सुटलो.

माझ्या धंद्यातल्या नव्या मंडळींना एवढंच सांगेन : वस्तू जुनी दिसली म्हणजे ती रिटायर झाली असं समजू नका. आधी शेजारच्या शेतात विचारा. उत्तर मिळालं, तर ऐका.