पहिलं बक्षीस, एक गुंठा

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, पोशीरजवळच्या मैदानावर टेनिस क्रिकेटचा अंतिम सामना संपला आणि निवेदकाने लाऊडस्पीकरवरून पहिलं बक्षीस जाहीर केलं: स्वतःच्या शेतातला एक गुंठा. मंडळाने ठरवलेलं बक्षीस चषक आणि एक बकरा असं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विजेत्या संघाचा कर्णधार मोजणीची टेप घेऊन निवेदकाच्या दारात हजर झाला.

निवेदकाचं नाव रनरेट. रेशनकार्डावर दुसरं नाव आहे, पण ते वापरात नाही. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने किडकिडीत, गळ्यात कायम टॉवेल. भातकापणी उरकली की पोशीरपासून कुंभिवलीपर्यंत खाचरांचे बांध सपाट करून मैदानं तयार होतात, आणि डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत त्यातल्या बहुतेक मैदानांवर त्याचा आवाज असे. मी तेव्हा या भागाचा बातमीदार होतो. निकालासाठी गुणलेखकाच्या टेबलापाशी बसावं लागे आणि रनरेटची खुर्ची त्याच टेबलाला होती. पुढे दिलेलं बरंचसं तिथे ऐकलेलं आहे. उरलेलं त्याच्या बायकोकडून, सुमनवहिनींकडून, तपासून घेतलं आहे.

हे नाव त्याला बोलण्याच्या वेगावरून पडलं. चेंडू बॅटला लागून जमिनीवर येईपर्यंत त्याची चार वाक्यं होत. "बॉल उंच, अजून उंच, अरं हा माथेरानला जाऊन मिनीट्रेनचं तिकीट काढतो का काय!" क्षेत्ररक्षक मोबाइलवर बोलताना दिसला तर, "वैनी, ठेवा आता, तुमच्या घरधन्याकडं बॉल येतोय." पहिल्याच चेंडूवर बाद होऊन निघालेल्या फलंदाजाला, "शून्य. पण चाल बघा मंडळी, शतक मारून चाललाय!" मैदान हसे, फलंदाजही हसे. मात्र कुणाच्या घरावर, जातीवर, पायातल्या फाटक्या बुटावर तो कधी बोलला नाही. कारण विचारल्यावर त्याने टेबलावरून गावाकडे बोट दाखवलं. "भोंगा तिकडं तोंड करून हाय. त्याची आई चुलीपाशी बसून ऐकतेय."

भोंगे, अॅम्प्लिफायर आणि टेंपो कादिरचाचांचे. चाचा खालापूरचे. लग्न, उरूस, सभा, क्रिकेट, सगळीकडे त्यांचं साउंड असे. रनरेट बोलत असताना चाचांचा हात आवाजाच्या खुंटीवर असे. तो फार सुटला की चाचा आवाज हळूहळू खाली घेत. रनरेटला पत्ता लागत नसे, तो बोलतच राही. "तू बोल रं," चाचा म्हणत, "किती ऐकवायचं ते मी बघतो." गुंठा जाहीर झाला तेव्हा चाचा नमाजाला गेले होते. "पाच मिन्टं नव्हतो," ते अजून सांगतात, "तेवढ्यात जमीन गेली."

गावात त्याची तब्येत विचारण्याचीही एक पद्धत होती. नाक्यावर कुणी सुमनवहिनींना विचारी, "आज रनरेट किती हाय?" सहा म्हणजे जेवून झोपला. नऊ म्हणजे पहाटेच उठून अंगण झाडतोय. बारा म्हणजे झोपच नाही, आणि भेटेल त्याला घड्याळ, छत्री, कोंबडा, जे हाताला लागेल ते देऊन टाकतोय. बाराच्या दिवसांत त्याचं निवेदन सर्वांत रंगे. मंडळं ते दिवस धरूनच तारखा विचारत, असं वहिनींचं म्हणणं आहे. मंडळांनी ते नाकारलं.

पावसाळ्यात मात्र कुणी काही विचारत नसे, कारण पावसाळ्यात क्रिकेट नसतं. सीझन नाही म्हणून माणूस दिसत नाही, एवढाच गावाचा समज. घरात तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. भाताची लावणी वहिनी आणि त्यांचा भाऊ उरकत. "टेपरेकॉर्डर बंद करून ठेवावा तसा," वहिनी म्हणाल्या. "नुसतं पानी दे म्हनला तरी मला बरं वाटायचं."

पनवेलच्या डॉक्टरांनी या आजाराला पूर्वीच नाव दिलं होतं: बायपोलर. मन कधी फार वर जातं, कधी फार खाली, आणि दोन्ही वेळा ते माणसाच्या हातात राहत नाही. त्यावर लिथियमची गोळी होती. रनरेट ती पावसाळाभर नेमाने घेई आणि कापणी झाली की बंद करी. "सीझनला गोळी चालत नाय. जीभ जड व्हते."

सीझनला गांजा चाले. निवेदकाला मंडळाकडून वडापाव, पाण्याची बाटली आणि 'सामान' मिळे. सामान म्हणजे चिलीम. ती पाण्याच्या टँकरमागे, नाणेफेकीच्या आधी. त्याशिवाय त्याचा आवाज लागत नाही, अशी मंडळांची खात्री होती, आणि त्याचीही. त्यामागे त्याचं एक शास्त्र होतं. तरुणपणी काही वर्षं त्याने कुंभिवलीजवळच्या एका कंपनीत केमिकलचे ड्रम धुतले होते. "गांजा म्हंजे पाला. गोळी म्हंजे केमिकल. केमिकल काय असतं ते या हातांनी बघितलंय." चिलीम ओढली की डोकं थोडा वेळ हळू चालतं, असंही तो सांगे. सुमनवहिनींचं निरीक्षण उलटं होतं: चिलीम सुरू झाली की आठवड्याभरात रनरेट नऊच्या पुढे जातो.

टेपवाल्या सकाळी रनरेट बारावर होता. कर्णधाराने अंगणातून हाक मारली.

"काका हायत का?"

"हायत," वहिनी म्हणाल्या. "रातभर पडवीत उभं राहून कॉमेंट्री चाललीय. तू कोन रं?"

"पयलं बक्षीस न्यायला आलोय."

रनरेट बाहेर आला, त्याने टेपचं एक टोक आनंदाने हातात घेतलं आणि बांधाकडे चालू लागला. "दीड गुंठा देतो. तुमची फिल्डिंग चांगली व्हती." वहिनी टेपवर उभ्या राहिल्या. तो ओढत राहिला, त्या हलल्या नाहीत. मग तो दोन गुंठ्यांवर आला, मग अख्ख्या शेतावर, आणि मग उभ्या उभ्या रडायला लागला. कर्णधाराने टेप गुंडाळली. "आमी मस्करीत आलतो, काकी," तो म्हणाला. "त्यांचे डोळे बघितले आन् मस्करी गेली." चाचांना फोन त्यानेच केला. टेंपोवरचे भोंगे उतरवायला वेळ नव्हता, ते तसेच पनवेलपर्यंत गेले.

रुग्णालयातून आल्यावर पुढची तपासणी कर्जतला सुरू झाली. तिथल्या सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी मनोविकारांच्या डॉक्टर येत. तरुण होत्या, आवाज बारीक. पहिल्या भेटीला चाचा आणि वहिनी दोघंही सोबत होते.

"गांजा किती ओढता?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी? नाय बा."

"मॅडम," चाचा म्हणाले, "ह्याच्या धुरानं टँकरमागं मच्छर उरला नाय."

"मी पोलीस नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मला खरं सांगा, म्हणजे गोळीचं मला ठरवता येईल. गांजाने घटकाभर शांत वाटत असेल. पण ज्यांचं मन असं वर-खाली होतं, त्यांना तो वर ढकलू शकतो. आणि दोन्ही चालू असलं की गोळी लागू पडतेय की नाही, हेच मला कळत नाही."

"पन गोळी केमिकल हाय."

"लिथियम हे एक प्रकारचं मीठच. जेवणात मीठ घेता ना? हे मात्र मोजून. मधूनमधून रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं, उन्हात उपाशी बसायचं नाही."

"आन् आवाज गेला तर?"

"तर इथे येऊन सांगायचं. आपल्या मनाने सोडायची नाही."

रनरेटने विचार केला आणि अट घातली. एक सीझन तो पाला बंद करून गोळी घेईल. फायनलला मैदान हसलं नाही, तर गोळ्या उल्हास नदीत. डॉक्टरांनी अट मान्य केली नाही. "फायनलच्या आधी एकदा येऊन जा," एवढंच त्या म्हणाल्या. वहिनी दारातून परत आत गेल्या आणि तारीख विचारून आल्या.

तो सीझन खराब सुरू झाला. गोळीने हात थरथरे, त्यामुळे माइक ओठांवर आपटे आणि भोंग्यातून टकटक ऐकू जाई. चाचांनी बांबू रोवून त्याला माइक बांधला आणि हात मोकळे केले. तहान इतकी लागे, की षटक संपलं की बाटली तोंडाला. वाक्यं येत, पण चेंडू अडवून झाल्यावर. "शब्द येतात," तो मला म्हणाला, "पन टेंपोत बसून येतात. आधी मोटरसायकलवर यायचे." कुंभिवलीच्या स्पर्धेत तो अख्खं एक षटक गप्प राहिला. प्रेक्षकांतून आरोळी आली, "रनरेट वाढव रं!" पाठोपाठ दुसरी, "गोळीनं मारला बिचाऱ्याला!" त्याने हसून हात वर केला. घरी जाऊन तो जेवला नाही, असं वहिनी सांगतात.

जानेवारीत टँकरमागे त्याने दोन झुरके घेतले. हे कुणी पकडलं नाही. गुरुवारी त्याने आपणहून सांगितलं. डॉक्टरांनी आवाज न चढवता पुढचा प्रश्न विचारला: हात किती थरथरतात? रक्ताचा अहवाल पाहिला, गोळीचं प्रमाण थोडं कमी केलं, पंधरवड्याने पुन्हा रक्त तपासायला लावलं. बाहेर आल्यावर रनरेट चाचांना म्हणाला, "बाईनं शिवी पन दिली नाय. आता पुन्हा खोटं कसं बोलू?"

फायनल पुन्हा पोशीरजवळच होती, आणि तोच कर्णधार पुन्हा अंतिम सामन्यात होता. पहिल्या डावात रनरेट बरा बोलला. हसू आलं, पण तुकड्यातुकड्याने. मध्यंतरात मंडळाचा एक जण टेबलापाशी आला आणि कागदाची पुडी बांबूच्या बुंध्याशी ठेवून हळूच म्हणाला, "काका, दुसऱ्या डावाला जोर पायजे." सुमनवहिनी बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. चाचांचा हात खुंटीवर होता. त्यांनी आवाज कमी केला नाही.

रनरेटने पुडीकडे बघितलं. मग माइकजवळ तोंड नेलं.

"मंडळी, पान्याची वेळ झाली. मंडळानं मला सामान दिलंय. गेली किती वर्सं देतात, त्यांची माया हाय. पन औंदा ते परत करतोय. माजं सामान माज्या खिशात हाय." त्याने खिशातून गोळीचं पाकीट काढलं. "दुपारची गोळी, जेवणानंतर. बॉल हवेत... क्षेत्ररक्षक खाली..." त्याने गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं. "आन् झेल पूर्ण! ह्याला म्हंत्यात लिथियम. माज्या डोक्याचा ब्रेक. आधी माजी गाडी बिनब्रेकची व्हती, तुमी सगळे तिच्यात बसून गेलाय."

मग पलीकडच्या बांधावरून कुणीतरी ओरडलं, "आज रनरेट किती?"

"सहा," भोंगा म्हणाला. "आन् एकबी विकेट गेलेली नाय."

हशा टँकरपासून मांडवापर्यंत एकसलग गेला. सुमनवहिनी खाली बसल्या.

दुसऱ्या डावात त्याचा वेग पूर्वीचा नव्हता. दोन वाक्यांत अंतर पडे आणि त्या अंतरात लोक हसून घेत. शेवटच्या चेंडूला चार धावा हव्या होत्या. गोलंदाज धावत निघाला तेव्हा रनरेट एक शब्दही बोलला नाही. बॅटचा आवाज मैदानभर ऐकू आला. चेंडू सीमेबाहेर गेल्यावर तो म्हणाला, "मी काय सांगू, तुमी ऐकलंत." विजयी संघ तोच, कर्णधारही तोच.

बक्षिसाच्या वेळी रनरेटने वाचून दाखवलं: चषक आणि एक बकरा. कर्णधार चषक घेऊन ओरडला, "आन् गुंठा, काका?"

"गुंठ्याचं तिला विचार," रनरेटने बायकांच्या बाजूला हात केला. "सातबारा तिच्या नावावर झालाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्णधार पुन्हा त्यांच्या दारात आला. टेप नव्हती. वहिनींनी चहा ठेवला. तो अर्धा कप होईपर्यंत सामन्याचंच बोलला.

"काका, ती डॉक्टरीन कंच्या वारी येते?"

"गुरवारी. का रं?"

"माजा थोरला भाऊ. पावसात उठतच नाय. आमी आळशी म्हनायचो." त्याने कप खाली ठेवला. "आन् थंडीत टँकरमागं असतो."

"किती हाय त्याचा रनरेट?" रनरेटने विचारलं.

"कंदी मोजला नाय."

"आनच त्याला. गाडीत जागा हाय."

मार्चमध्ये माझी बदली झाली. त्याआधीची शेवटची पक्की माहिती अशी: त्या गुरुवारसाठी चाचांनी टेंपोतले भोंगे आदल्या दिवशीच उतरवून ठेवले. पुढे चाचांशेजारी रनरेट बसला, मागे भोंग्यांच्या जागी कर्णधार आणि त्याचा भाऊ. सुमनवहिनींनी पाण्याची बाटली आत दिली आणि टेंपो कर्जतकडे निघाला.