शेजारणीची चेन

आमच्या गडग्याच्या पलीकडे एक विधवा बाई राहते. गडगा म्हणजे दोन परड्यांमधली चिऱ्यांची भिंत. ही कमरेएवढी आहे, म्हणजे सगळे दिसते. बाई माझ्याहून लहान, दात सगळे शाबूत. माझे पुढचे गेले. बंदरावरून मासे घेऊन ती आतल्या गावांत विकते. डोक्यावर टोपली घेऊन चालायची तोवर मला तिचे काही वाटले नाही. मग तिच्या मुलाने गोव्यातून मोटर लावलेली सायकल आणून दिली आणि ती साडी खोचून, मागे टोपली बांधून, फटफट करत आमच्या दारावरून जायला लागली.

त्या सायकलला चेनी दोन. उजवीकडे पायडलची, डावीकडे मोटरची. मोटरची चेन ढिली झाली की फडफड वाजते, आणि ती वाजली की गडग्यावरून हाक येते, "ओ भावोजीनू, चेन परत वाजाक लागली!"

भावोजी म्हणजे माझा घोव. त्याचे जामसंड्याला सायकल दुरुस्तीचे दुकान होते. ते बंद केल्यापासून तो पडवीत बसून असायचा. आमच्या विहिरीचा रहाट रडतो म्हणून मी किती वेळा सांगितले, हलला नाही. पण ही हाक आली की उठायचा, धुतलेला शर्ट घालायचा.

"ग्रीस लावूक शर्ट कशाक व्हयो?" मी म्हटले. "दुकानात तर फाटक्या बनियनार बसायचास."

"बाईमाणसाच्या दारात उघडो जाव?"

"मगे जातास कित्याक?"

पाना घेऊन गेला. आला तेव्हा तोंडाला चहाचा वास. घरी तीन वेळा विचारले तरी चहा नको म्हणणारा माणूस.

चेन दर आठवड्याला कशी ढिली होते, हे मला पटेना. मला वाटले, बाईच नट सैल करते. आमच्याकडे बागेत आंबे मोजताना मोजलेल्या कलमावर चुन्याची रेघ ओढतात, म्हणजे परत कोणी मोजत नाही. मी पानाच्या डब्यातला चुना घेतला आणि बाई बंदरावर चालत गेली होती तेव्हा मागच्या चाकाच्या नटावरून सायकलच्या दांड्यापर्यंत रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटणार.

पुढची हाक आली तेव्हा मीही उठले.

"तू कित्याक?"

"शिकाक."

"ह्या वयात?"

"तिका ह्या वयात चालवूक येता, माका आवळूक येवचा नाय?"

बाईने "येवा वैनीनू, बसा" म्हणून खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. आधी नटाकडे वाकले. रेघ जशीच्या तशी. तिने हात लावलेला नव्हता. मला त्याचा आनंद झाला नाही.

घोव मात्र शिकवायला लागला आणि दुकानातल्यासारखा बोलायला लागला. "चाक फिरव. बघ, चेन एका जाग्यार ताठ, एका जाग्यार ढिली. ताठ असता थंय मोजूचा. हंय मधी दाब. एक बोट खाली गेली पायजे. कडक केलंस तर तुटतली, ढिली ठेवलंस तर उतारतली." मग नट सैल करून त्याने चाक मागे ओढले आणि नट आवळला. बाई चहा आणायला आत गेली. मी चेन दाबून बघितली. दोन बोटे खाली गेली.

घरी आल्यावर विचारले, "माका एक बोट सांगितलास, तिका दोन?"

पाना पुसता पुसता तो म्हणाला, "एक ठेवलंय तर ती म्हयनोभर हाक मारूची नाय."

"मगे?"

"मगे काय? दुकान बंद झाल्यार माका हाक कोण मारता?"

"आपलो रहाट रोज मारता. सगळ्या वाडीक आयकाक येता."

"रहाट भावोजीनू म्हणता काय?"

आपल्या घोवाला बाई नको आहे, नुसती हाक हवी आहे, हे कळल्यावर शहाण्या बाईने गप्प झोपावे. मी जास्तच जळले. हाक मीही मारते. जेवा म्हणून, उठा म्हणून, नारळ सोला म्हणून. त्याने कधी शर्ट बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी पाना घेऊन मीच गेले आणि एका बोटावर चेन आवळून दिली.

"भावोजी बरे आसत मां?" बाईने विचारले.

"बरे आसत. आतापासून मी येतलंय."

मग चेन वाजेना. ती सकाळी गेली की हा पडवीत मान वळवून ऐकायचा. फडफड नाही. संध्याकाळी ती परतली की पुन्हा ऐकायचा. मी समोर ताट ठेवले तरी कान रस्त्यावर. बांगड्याचे कालवण झाले तरी मीठ कमी की जास्त ते सांगेना. त्याला घरात बसवून मी काय मिळवले ते मला दिसत होते.

चेन म्हटली की कधीतरी ताणतेच. बऱ्याच दिवसांनी ती वाजली आणि गडग्यावरून हाक आली, "वैनीनू!"

घोव उठला, आणि हाक मला आहे हे लक्षात येऊन परत बसला.

मी पाना त्याच्या पुढ्यात टाकला. "चला."

"तुका हाक मारल्यान."

"माका वाकूक जमना नाय. चला म्हटलंय."

शर्ट घालायला आत वळला. मी म्हटले, "तसेच चला," आणि त्याला बनियनवर नेले. घरी बसून त्याचे कान तिकडे राहणार, त्यापेक्षा तो माझ्या डोळ्यांसमोर बरा. बाईने खुर्ची दिली. आता मी बसते. नट आवळून होईपर्यंत बसते, चहा संपेपर्यंत बसते, आणि निघताना त्याला पुढे घालते.