खोट्या पिचरचा खरा वशिला

मित्रांनो, आज अक्षरशः किळस आली.

आम्ही सोलापूरचे पाच मित्र मिळून कॉम्प्युटरवरच्या बेसबॉल लीगमध्ये एक टीम चालवतो. खेळाडू सगळे काल्पनिक. ज्युनियर टीममधला एक पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आज मुख्य टीममध्ये घ्यायचा होता. महिनाभर मॅचेस बघून मी एक डावखुरा हेरून ठेवला होता. स्पीड बेताचा, पण बॉल सांगाल तिथं टाकणार.

दुपारी चहाला भेटलो, तर आमच्या इरफाननं परस्पर दुसराच घेतलेला! त्याचा एक बॉल धड सरळ जात नाही.

"अरे, ह्याला कशाला घेतलास?"

"भाच्याचं नाव दिलंय की त्याला. बहीण लई खूश झाली."

बाकीचे खी खी हसले. "जाऊ दे की बे, गेम हाय नुसता!"

हेच चौघं! जिल्ह्याच्या क्रिकेट टीममध्ये वशिल्याची पोरं घेतली आणि आम्हाला डावललं, म्हणून अजून रोज निवड समितीला शिव्या घालतात. मीही घालतो.

अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

तुम्हीच सांगा, त्या समितीला आता कुठल्या तोंडानं शिव्या घालायच्या? त्यांचे भाचे निदान खरे तरी होते!