शून्य फॅटची पावती
ताज्या दुधाचा आणि धुतलेल्या फरशीचा वास एकत्र आला की मला कोपरगावजवळच्या एका खेड्यातलं दूध संकलन केंद्र आठवतं. सकाळची रांग होती, आणि आमच्या कंपनीचा प्रोग्राम मी तिथे नुकताच बसवला होता. वजनकाटा आणि फॅटचं मशीन आपापल्या वेळाने उत्तर देत; दोन्ही उत्तरं आली की पावती छापायची, एवढंच त्याचं काम. एका मावशींच्या पावतीवर फॅट शून्य आलं. "मावशी, म्हैस सोडून विहिरीचीच धार काढली व्हय?" काट्यावरचा माणूस म्हणाला आणि सगळी रांग हसली. "पानी न्हाई घातलं मी. परत तपासा, त्याबिगर हलायची न्हाई," मावशी म्हणाल्या. दूध परत गेलं असतं तर त्यांचं गावात नाव खराब झालं असतं. मी स्क्रीन पाहिली. त्यांनी दूध दोन किटल्यांतून ओतलं होतं, म्हणून काट्यानेच दोनदा उत्तर दिलं होतं. प्रोग्राम नुसती उत्तरं मोजत होता, कुणाची आली ते बघतच नव्हता. फॅटचं मशीन तर अजून तपासत होतं. हे मी रांगेला मोठ्याने सांगितलं आणि मशीनचं उत्तर आल्यावर नवी पावती छापली. फॅट चांगलं भरलं होतं. मावशींनी पावती त्या माणसापुढे धरली. "वाच. मगाशी बोलला तेवढ्याच मोठ्यानं." त्याने वाचली. आजही नवा प्रोग्राम बसवला की मी आधी काट्यावर दोनदा वजन ठेवते आणि पावती थांबते का ते बघते.